घरातल्या जुन्या फोटोतून गावाचा इतिहास

नगर जिल्ह्यात गावोगावी ट्रंकांमध्ये, फडताळांत आणि देवघराशेजारच्या भिंतींवर जुने फोटो आहेत. लग्नातले, शाळेतले, दिंडीतले, विहिरीला पाणी लागले त्या दिवशीचे, कारखान्यात मोळी टाकतानाचे. त्यांतले पुष्कळसे त्या घराबाहेर कुणी पाहिलेलेही नाहीत. किल्ल्याचा, राजवटींचा आणि लढायांचा इतिहास ग्रंथांत आला आहे. बाजारपेठ कशी दिसायची, धरणावर कोण राबले, मुलींच्या शाळेत पहिल्या बाकावर कोण बसायचे, हा इतिहास मात्र बहुतांशी या फोटोंतच आहे.

असा फोटो हाती आला की चार प्रश्न पडतात: कधीचा, कुठला, कुणाचा आणि कुणी काढलेला. त्यांची उत्तरे शोधण्याची एक रीत आहे आणि ती कुणालाही शिकता येते. भिंग, मोजपट्टी, मऊ पेन्सिल, वही आणि मोबाइल एवढ्यावर काम भागते. ही रीत नगर जिल्ह्यातली उदाहरणे घेऊन पायरीपायरीने पाहू.

आधी कागद पाहावा

चित्रात कोण आहे हे पाहण्याची घाई होते, पण आधी फोटो ही वस्तू म्हणून तपासावी. हात कोरडे असावेत, फोटो कडांनीच धरावा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, कारण चित्राचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकटच स्कॅन करावा.

मग लांबी-रुंदी मोजावी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचा फोटो हा १८५४ पासून जगभर पसरलेल्या व्हिजिटिंग कार्ड आकारातला असतो. ११ बाय साडेसोळा सेंटिमीटरचा असेल तर तो १८६६ नंतर रूढ झालेला कॅबिनेट आकार. आपल्याकडच्या स्टुडिओंत हे आकार विसाव्या शतकातही बराच काळ चालू होते.

आता भिंग घ्यावे. कागदाचे तंतू चित्रातून आरपार दिसत असतील, रंग तांबूस-तपकिरी असेल आणि उजळ भाग पिवळे पडले असतील, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो. ही पद्धत १८५० साली आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि गडद भागांत तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक दिसत असेल, तर तो जिलेटिनच्या थराचा फोटो. विसाव्या शतकातले आपले बहुतेक कृष्णधवल फोटो याच जातीचे. कातरल्यासारख्या नागमोडी कडा साधारण १९३० ते १९६० च्या दशकांत लोकप्रिय होत्या. लहान, चौकोनी, घरगुती फोटो दिसला तर १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरची बारा चित्रे काढणारा आग्फा क्लिक थ्री आठवावा. साठ-सत्तरच्या दशकांत तो अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. कागद हाताला प्लॅस्टिकसारखा लागत असेल तर फोटो १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा.

इथे एक सावधगिरी हवी. कागदाचे वय म्हणजे चित्राचे वय नव्हे. आजोबांच्या निधनानंतर जुन्या निगेटिव्हवरून किंवा ग्रुप फोटोतून मोठा फोटो करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यामुळे वहीत दोन नोंदी कराव्यात: चित्र कधी टिपले आणि हा कागद कधी छापला.

मग मागची बाजू

फोटोची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच मोलाची असते. तिथे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता, टेलिफोन क्रमांकाचे आकडे आणि पिनकोड पाहावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. शिक्क्यात ४१४००१ असेल तर तो शिक्का त्यानंतरचाच.

मागे मोडीत काही लिहिलेले असू शकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरगुती लिखाण आणि जमाखर्च सर्रास मोडीत होत असे. वाचता येत नाही म्हणून ते दुर्लक्षू नये. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि मोडी वाचणारी माणसे जिल्ह्यात अजून आहेत. मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो त्यांना दाखवावा.

तारीख अनेकदा शकात असते. शक १८५२ असेल तर त्यात ७८ मिळवून १९३० येते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शक १८५२ च्या फाल्गुनातले लग्न १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमधले ठरते. काही फोटोंवर शकही नसतो, फक्त संवत्सराचे नाव असते. समजा ‘प्रमोदनाम संवत्सर, फाल्गुन’ एवढेच लिहिले आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने प्रमोद संवत्सर १८७०, १९३० आणि १९९० साली सुरू झाले. तिन्हींपैकी कोणते हे कागद सांगतो. फोटो जिलेटिनच्या थराचा, कृष्णधवल आणि पुठ्ठ्यावर लावलेला असेल तर १८७० आणि १९९० दोन्ही गळतात. हाती १९३१ चा फाल्गुन उरतो.

चित्रात दोन खुंट्या शोधाव्यात

कागदावरून ढोबळ काळ कळला की चित्राकडे वळावे. ज्या वस्तूंची सुरुवात किंवा शेवट नेमका ठाऊक आहे अशा वस्तू शोधायच्या. एक खुंटी ‘याच्या आधीचा नाही’ अशी आणि दुसरी ‘याच्या नंतरचा नाही’ अशी. दोन खुंट्या ठोकल्या की फोटो त्यांच्यामध्ये अडकतो.

नगर जिल्ह्यापुरत्या अशा बऱ्याच खुंट्या आहेत. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. नगर स्टेशनाचा किंवा रुळांचा फोटो त्याआधीचा असणार नाही. छपरावर मंगळुरी कौले असतील तर ती बनवणारा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ साली निघाला हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे मातीची माळवदे फार काळ टिकली, म्हणून माळवद दिसले एवढ्यावरून फोटो जुना ठरवू नये. पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या गांधी टोप्या असतील तर काळ १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा. घरावर टीव्हीची अँटेना असेल तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे फोटो त्यापुढचाच.

वाहने फार उपयोगी पडतात. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे-अहमदनगर मार्गावर. एसटी दिसली की फोटो त्यानंतरचा. कृष्णधवल फोटोत गाडीचा रंग कळत नाही, पण पाटी आणि गाडीवरचे नाव भिंगाखाली वाचता येते. कुठे ‘मुंबई राज्य’ असे शब्द असतील तर ती पाटी १ मे १९६० पूर्वी रंगवलेली. नंबरप्लेटवर एमएच १६ किंवा श्रीरामपूरचा एमएच १७ असेल तर फोटो १९८९ नंतरचा, कारण जिल्हावार आकड्यांची ही पद्धत तेव्हा लागू झाली.

काही खुंट्या एकेका ठिकाणापुरत्या असतात. शिर्डीच्या समाधी मंदिरात बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ च्या विजयादशमीला बसवली गेली. समाधीमागे मूर्ती नसेल तर फोटो त्याआधीचा. अरणगावजवळच्या मेहेराबादेतल्या फोटोंना याहून नेमकी खूण आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन पाळले. १९२७ पासून ते अक्षरे लिहिलेल्या फळीवर बोट ठेवून बोलत आणि १९५४ च्या ऑक्टोबरात त्यांनी ती फळीही सोडली. हातात अक्षरफळी दिसली की तो फोटो या सत्तावीस वर्षांतला.

खुंटी ठोकताना घाई मात्र नको. शेताच्या मागे साखर कारखान्याचे धुराडे दिसले की प्रवरानगर आठवते. तिथल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, म्हणून फोटो त्यानंतरचा असे म्हणावेसे वाटते. पण हरेगावचा बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना त्याच्या कितीतरी आधीचा आहे. धुराडे कुठले हे ठरल्याशिवाय त्यावरून साल काढता येत नाही.

रतनवाडीचे उदाहरण

ठिकाण आणि काळ एकमेकांना कसे धरून असतात हे अकोले तालुक्यात उत्तम दिसते. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे फोटो पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी काढले. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. त्यात रतनवाडीबरोबर टाहाकारीचे भवानी मंदिर, पेडगावचे लक्ष्मीनारायण मंदिर आणि कोकमठाणचे मंदिरही आहे.

आता भंडारदऱ्याकडे पाहू. प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. त्यांच्यावरूनच त्याला विल्सन धरण म्हणतात. भिंत अर्धवट बांधलेली दिसली की फोटो या सोळा वर्षांतला, आणि भिंतीची उंची पाहून तो सुरुवातीचा की अखेरचा हेही सांगता येते. धरणाचा फुगवटा रतनवाडीपर्यंत येतो आणि आज पर्यटक होडीतूनही तिथे पोचतात. कझिन्स १९१० साली निवृत्त झाले. म्हणजे त्यांच्या फोटोतली रतनवाडी जलाशय होण्याआधीची आहे. कुणाच्या घरी त्या बाजूच्या दरीचा फोटो निघाला आणि त्यात पाण्याच्या जागी भातखाचरे असतील, तर तो नुसता निसर्गाचा देखावा नव्हे. बुडालेल्या जमिनीचा तो पुरावा आहे.

सावली काय सांगते

फोटोतल्या सावल्यांवरून दिशा आणि ऋतू यांचा अंदाज येतो. नगर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी थेट डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारची सावली किंचित दक्षिणेकडे पडते, बाकी सगळे वर्ष उत्तरेकडे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे नऊ-दशांश असते.

याचा उपयोग असा. वेशीचा एक फोटो आहे आणि ती दिल्ली दरवाजा की माळीवाडा वेस हे ठरत नाही. दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे प्रत्यक्ष जागेवर पाहावे आणि फोटोतली सावली त्या दिशेशी जुळते का ते तपासावे. एकाच वेशीच्या बाबतीत जुळली तर प्रश्न मिटला. दोन्हींच्या बाबतीत जुळली तर कमान, दगडांचे थर आणि शेजारच्या इमारती तुलनेला घ्याव्यात.

सावल्या कुठेच बसत नसतील तर फोटो उलटा छापलेला असण्याची शक्यता असते. काचेची प्लेट पालथी ठेवली गेली की डावे-उजवे बदलते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचून पाहावीत. पाटी नसेल तर कोटाची बटणे पाहावीत: पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते.

लिहिलेले नाव तपासून घ्यावे

फोटोखाली नाव छापलेले असले म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत आहे. सगळा जिल्हा तिला चांदबीबीचा महाल म्हणतो आणि फोटोंच्या मागेही तेच लिहिलेले असते. ती खरे तर निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. आता एखाद्या सहलीच्या फोटोमागे ‘चांदबीबी महाल’ असेल तर काय करावे? ते खोडू नये. लिहिणाऱ्याने ठिकाण बरोबर सांगितले आहे, आणि लोक त्या जागेला काय म्हणत हीही एक नोंदच आहे. वहीत दोन्ही नावे लिहावीत: मागे काय लिहिले आहे ते जसेच्या तसे आणि इमारत कोणती ते वेगळे.

शिर्डीच्या बाबतीत दुसरी काळजी घ्यावी लागते. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. त्यांच्या हयातीतले खरे फोटो थोडेच आहेत. घरोघरी दिसणाऱ्या तसबिरींपैकी अनेक रंगवलेली चित्रे आहेत, किंवा फोटोवर हाताने रंगकाम केलेल्या प्रती. द्वारकामाईतली प्रसिद्ध तसबीर श्यामराव जयकर यांनी रंगवलेली आहे. भिंगाखाली ब्रशचे फटकारे किंवा छपाईचे ठिपके दिसतात का ते पाहिले की फरक कळतो. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही, नोंद मात्र नेमकी होते.

दप्तर आणि जाणती माणसे

इथवर फोटोनेच सांगितले. पुढचा ताळा दप्तराशी. नगरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली. दिवाबत्ती, नळ, रस्तारुंदी यांच्या नोंदी अशा दप्तरात मिळतात आणि फोटोतला एखादा खांब किंवा नळकोंडाळे त्यांवरून काळात बसवता येते. मुंबई सरकारचे जिल्हा गॅझेटियर १८८४ साली निघाले. त्या काळातल्या वेशी, बाजार, बागा आणि पेठा त्यात तपशीलवार आहेत. गावातल्या फोटोंसाठी शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक आणि ग्रामपंचायतीचे ठराव पाहावेत. वर्गाच्या ग्रुप फोटोत पाटीवर इयत्ता आणि साल असेल तर जनरल रजिस्टरवरून त्या वर्षीची मुलांची यादी काढता येते.

सगळ्यात मोठे दप्तर म्हणजे जाणती माणसे. त्यांना विचारण्याचीही पद्धत आहे. फोटो मोठा छापून न्यावा, म्हणजे डोळ्यांना त्रास होत नाही. ‘ही कमलआत्याच ना?’ असे विचारू नये. असे विचारले की माणूस मान डोलावतो. ‘आजी, यात कोण कोण ओळखू येतं?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. दोघांना विचारायचे तर वेगवेगळे विचारावे, मग उत्तरे ताडून पाहावीत. नाव आठवत नसेल तर दागिना, जागा, प्रसंग यांबद्दल विचारावे. पुतळ्यांची माळ कुणाची होती हे आठवले की माळ घालणारीही आठवते. नाव लिहिताना ते कुणी सांगितले आणि कधी, हेही लिहावे. बायकांच्या बाबतीत ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर थांबू नये. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि गाव, तिन्ही विचारावीत.

जिल्ह्याबाहेर गेलेले फोटो

आपल्या जिल्ह्याचे काही फोटो फार दूर आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले. त्याच्या मातृसंस्थेचे दप्तर आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहे. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या फोटोंच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन नागरिक आणि युद्धकैद्यांची मोठी छावणी होती, १९१७ साली रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी तिला भेट दिली. त्याआधी बोअर युद्धातले कैदीही इथे आणले होते. त्यामुळे नगरचे संदर्भ जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहांतही शोधायला हवेत. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण या सगळ्या संग्रहांच्या सूची जुन्या नावाने आहेत. शोध घेताना ‘अहमदनगर’ आणि इंग्रजीतली त्याची जुनी स्पेलिंगे वापरावीत. आपण नवी नोंद करताना दोन्ही नावे लिहावीत.

माणसांच्या नावांची नोंद झाली की काय होते याचे एक ठळक उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या कोळ्यांच्या वस्तीत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन यांनी १८४३ ते १८४७ या काळात फोटो काढले. मासे विकणाऱ्या बायका, होड्यांपाशी उभे असलेले कोळी, मुले. फोटोग्राफी तेव्हा नुकती जन्मली होती. त्या बायकांपैकी काहींची नावे नोंदली गेली. म्हणूनच एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल ही मासेविक्रेती आज जगाला नावाने ठाऊक आहे. जिचे नाव लिहिले गेले नाही, ती त्याच फोटोंत ‘एक कोळीण’ म्हणून उरली.

जपणूक

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करावा आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, दोन वेगळ्या ठिकाणी. मागची बाजूही स्कॅन करावी, कोरी असली तरी. फोटो ‘स्वच्छ’ करणारी मोबाइल अ‍ॅप्स पुसट चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने नाक-डोळे भरतात. तसा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही, पण नोंद मूळ स्कॅनचीच करावी. फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, अक्षरे पुढे उमटतात. मऊ पेन्सिलने कडेला हलक्या हाताने लिहावे. लॅमिनेशन करू नये, ते परत निघत नाही. चिकट पानांचे अल्बम फोटो खातात, त्यापेक्षा आम्लविरहित कागदाची पाकिटे बरी. पावसाळ्यात ट्रंक भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नये, वाळवी आणि ओल तिथूनच येते.

नोंद साधी असावी: फोटो क्रमांक, आकार, मागचा मजकूर, ठिकाण, काळ आणि तो कशावरून ठरवला, डावीकडून उजवीकडे नावे, माहिती सांगणाऱ्याचे नाव, फोटो कुणाच्या घरचा. जे ठरले नाही तिथे ‘अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे. पुढचा माणूस तिथून काम सुरू करू शकतो.

आणि सुरुवात कुठून करावी? ज्या फोटोतली माणसे ओळखणारे कुणी आज हयात आहे, त्या फोटोपासून. काच, कागद, सावली, शिक्का यांचा अभ्यास दहा वर्षांनीही करता येईल. नावे सांगणारी आजी तोवर असेलच असे नाही. भंडारदऱ्याच्या धरणाला गव्हर्नरचे नाव आहे आणि ते कुठल्याही पुस्तकात सापडते. त्याच धरणावर दगड वाहणाऱ्या अकोल्याच्या आदिवासी बायाबापड्यांची नावे सरकारी अल्बमात शोधून सापडायची नाहीत. ती मिळालीच तर त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे, घरात जपलेल्या एखाद्या फोटोच्या निमित्ताने मिळतील. ती विचारून, ताडून आणि लिहून ठेवणे हे काम कुठल्याही खात्यावर सोडण्यासारखे नाही. ज्याच्या घरी फोटो आहे, त्याचेच ते काम आहे.